मेडिकेडची पाच वर्षं

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत निवृत्तीचा हिशेब चोख असतो. पण आईबाबांना स्मृतिभ्रंश झाला, अंघोळीपासून भरवण्यापर्यंत सगळं दुसऱ्यानं करायची वेळ आली, तर पैसे कोण देणार? ‘मेडिकेअर आहे की,’ असं पुष्कळ जण म्हणतात. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा, मुळात थोडे दिवसच साथ देतं. किमान तीन दिवस हॉस्पिटलात भरती राहिल्यावर, उपचारांची गरज असेल तोवर, नर्सिंग होमचे जास्तीत जास्त १०० दिवस. त्यातही २० दिवसांनंतर रोजचा वाटा आपल्या खिशातून. वर्षानुवर्षांची देखभाल त्यात येत नाही. ती मेडिकेड, म्हणजे गरजूंसाठीची सरकारी आरोग्य योजना, उचलते, पण ज्याच्याकडे फारसं उरलेलं नाही त्याचीच. न्यू जर्सीसारख्या अनेक राज्यांत एकट्या अर्जदाराची मोजण्याजोगी मालमत्ता साधारण २००० डॉलरच्या आत लागते.

मग मनात येतं, सगळं मुलांच्या नावावर करून टाकू. इथे थांबा. अर्ज केला की मागच्या ६० महिन्यांची बँक खाती तपासली जातात. ही मुदत पूर्वी बहुतेक व्यवहारांना ३६ महिने होती, २००६ साली सही झालेल्या कायद्यानं ती वाढली. या काळात फुकट दिलेल्या रकमेला राज्यातल्या नर्सिंग होमच्या सरासरी महिन्याच्या खर्चानं भागतात, आणि येतील तितके महिने मदत बंद. समजा नातवाच्या कॉलेजला १,२०,००० डॉलर दिले आणि तो खर्च १२,००० धरला, तर दहा महिने. हे दहा महिने पैसे दिले त्या दिवसापासून मोजत नाहीत. आजी नर्सिंग होममध्ये आहे, शिल्लक संपली आहे, अर्ज केला आहे, तेव्हा ते सुरू होतात. म्हणजे हातात काही नसताना. मला या नियमातलं हे सगळ्यात कठोर वाटतं, म्हणून पुन्हा सांगते: प्रेमानं दिलेली भेटही मोजली जाते. दर वर्षी ठरावीक रकमेपर्यंत भेट करमुक्त असते, ती सवलत आयकर खात्याची. मेडिकेडला तिच्याशी देणंघेणं नाही.

आता आपल्या लोकांची खास गोष्ट. पुण्यातला फ्लॅट, गावची जमीन, भारतातल्या ठेवी हीसुद्धा मालमत्ताच, अर्जात सांगावी लागते. धाकट्या भावाला बक्षीसपत्र करून दिलं असेल, तर तीही भेटच. लपवाछपवी अजिबात नको. सून नोकरी सोडून सासूबाईंचं करते आणि तिला दरमहा काही दिलं जातं, तर आधीच लेखी करार करा, दर बाजारभावाचा ठेवा. नाहीतर तेही दानात जमा होईल.

राहतं घर सहसा लगेच मोजत नाहीत, विशेषतः जोडीदार तिथे राहत असेल तर. आणि मुलगा किंवा मुलगी आधीची किमान दोन वर्षं त्याच घरात राहून अशी सेवा करत असेल, की त्यामुळेच आईबाबा इतके दिवस घरी राहू शकले, तर घर त्याच्या किंवा तिच्या नावावर केलं म्हणून मदत बंद होत नाही. आपल्या कित्येक घरांत हेच चाललेलं असतं, पण पुरावा कुणी ठेवत नाही. डॉक्टरांचं पत्र आणि मुलाच्या नावाची, त्याच पत्त्यावरची बिलं जपून ठेवा.

ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना बहुतेक वेळा पहिली पाच वर्षं मेडिकेड मिळत नाही. पुढेही प्रायोजक मुलाचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. त्यांना बोलावण्याआधीच हे लक्षात घ्या.

राज्याराज्याचे आकडे वेगळे, तेव्हा मैत्रिणीच्या राज्यातला नियम आपल्याला लावू नका. वृद्धांच्या कायद्यांचा जाणकार वकील गाठा. ट्रस्ट करायचा असेल तर तो त्याच्याकडूनच, आणि प्रकृती धडधाकट असताना. मुखत्यारपत्रही आत्ताच, कारण स्मृती गेल्यावर सही चालत नाही. आपल्या भागातली सल्ला देणारी कार्यालयं हवी असतील, तर एल्डरकेअर लोकेटरला फोन करा: १-८००-६७७-१११६. फोनजवळ मागच्या पाच वर्षांची बँक स्टेटमेंट आणि भारतातल्या मालमत्तेची यादी ठेवा.