चाल कोणाची?

नमस्कार मंडळी. इथे परदेशात, तुमच्या कार्यक्रमात ओळख करून देताना ताईंनी मला 'पॉपस्टार' म्हटलं. आमच्या गिरगावच्या चाळीत हे कोणी ऐकलं असतं, तर हसता हसता गॅलरीतून खाली पडलं असतं. तिथे मी अजूनही पेटीवाल्या नानांचा धाकटा.

स्वतःच चाल लावायची आणि स्वतःच गायचं, हे काहीतरी परदेशी खूळ आहे असं पुष्कळांना वाटतं. अहो, गजाननराव वाटवे गणेशोत्सवात आपल्याच चालींची भावगीतं गायला बसले की चौक भरून जायचे. सिनेमा नाही, नायक नाही. आपण त्याला पॉप म्हटलं नाही, इतकंच.

1995 साली मी कॉलेजात होतो. टॅक्सीत, लग्नात, जिकडेतिकडे अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया'. चाल बिद्दूंची. मूळचे बंगळूरचे, पण लंडनमध्ये स्थिरावलेले. 1974 चं 'कुंग फू फायटिंग' निर्माण करणारे तेच. मला वाटलं, चला, आता सिनेमावाल्यांच्या दारात उभं राहायला नको! माझी कॅसेट तयार होईपर्यंत ती लाट ओसरली होती.

मग पोट भरलं जिंगल्सनी. साबण, बिस्किटं, पंखे. पैसे एकरकमी. सही करण्याआधी कागद वाचायचा असतो, हे काही नानांनी शिकवलं नव्हतं. एका कंपनीला मी सात चाली अशाच देऊन टाकल्या. त्यातली एक पुढे वाण्याच्या रेडिओवर ऐकली, तेव्हा मी साखर उधार घेत होतो.

2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. थिएटरात सिनेमासोबत वाजतं तेवढं सोडलं, तर रॉयल्टीतला आपला वाटा गीतकार-संगीतकाराला आता सही करूनही कंपनीला देऊन टाकता येत नाही. गाणी नोंदवायची ती आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून त्यांना वाटणाऱ्या संस्थेकडे. संस्था 1969 पासूनची; मी सभासद झालो चाळिशीत!

हल्ली डोंबिवलीच्या घरातच रेकॉर्डिंग करतो. भिंतींवर आईच्या गोधड्या टांगायच्या, पंखा बंद, आणि शेवटची लोकल जाईपर्यंत थांबायचं. मेलगाड्या मात्र कोणाचं ऐकत नाहीत. एका गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात हॉर्न तसाच राहिलाय; ऐकणाऱ्यांना तो सिंथेसायझर वाटतो.

तुमच्याकडे एक मागणं आहे. कार्यक्रमात वाजलेल्या गाण्यांची यादी इथल्या हक्क-संस्थेकडे देता येत असेल, तर जरूर द्या. फॉर्म भरायचा कंटाळा येतो, मला माहीत आहे. पण परदेशी संस्थांशी आयपीआरएसचे करार आहेत. यादी गेली तर पैसे फिरून मुंबईला पोहोचू शकतात. आणि त्यात नुसतं गायकाचं नाव नको हो, गीतकार-संगीतकारही लिहा.

आजची यादी मीच करून आणलीय, तुमच्या सेक्रेटरींच्या खिशात आहे. द्या पेटी इकडे. पहिलं गाणं काळी दोनच्या पट्टीतलं.