गावठी अंडे महाग, गावठी कुत्रा फुकट

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या भाषेतला ‘गावठी’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. गावठी अंड्याला आपण आनंदाने जास्त पैसे मोजतो, गावठी कोंबडीच्या रश्श्यासाठी शहराबाहेर गाडी काढतो, गावठी गाईचे तूप कोणी आणून देईल का याची चौकशी करतो. परंतु हाच शब्द कुत्र्याच्या आधी लागला की त्याचा भाव एकदम उतरतो. ‘तसा गावठीच आहे हो,’ असे त्या ‘च’वर जोर देऊन, जणू काही क्षमा मागितल्यासारखे सांगणारी माणसे मला दवाखान्यात नेहमी भेटतात. याउलट ज्यांच्या हातात जातिवंत पिल्लू असते, ते मी विचारण्याच्या आधीच त्याची जात सांगतात आणि पुष्कळदा किंमतही सांगून टाकतात. पुण्यात कुत्र्यामांजरांवर उपचार करण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. या काळात ‘कोणत्या जातीचा आहे?’ हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा ‘याची आई कशी होती?’ हा प्रश्न मात्र ऐकला नाही, आणि माझे आजचे सारे बोलणे या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

पूर्वी आमच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांचे सरळ दोन वर्ग होते, जातिवंत आणि गावठी. गेल्या काही वर्षांत तिसरा वर्ग आला आहे, आणि त्याला ‘डिझायनर’ म्हणतात. लॅब्राडॉर आणि पूडल यांचा लॅब्राडूडल, कॉकर स्पॅनिएल आणि पूडल यांचा कॉकापू, पॉमेरेनियन आणि हस्की यांचा पॉमस्की, अशी दोन जातींच्या नावांची सांधेजोड करून बनवलेली ही नावे आहेत. दोन्ही जातींतले चांगले तेवढे एकत्र येते, असा त्यामागचा दावा असतो. दोन्हींतले वाईटही एकत्र येऊ शकते, हे मात्र विकताना कोणी सांगत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक जोडपे आपल्या दहा महिन्यांच्या लॅब्राडूडलला घेऊन आले. मुलाला दम्याचा त्रास, म्हणून मुद्दाम हा कुत्रा घेतलेला. ‘याचे केस गळत नाहीत, त्यामुळे ॲलर्जी होत नाही,’ असे त्यांना सांगण्यात आले होते. कुत्रा दिसायला फार लोभस होता; पाठीवरून हात फिरवला तर मऊ लोकर. पण मी कानामागे बोटे आत घातली, तेव्हा ती कातडीपर्यंत पोचेनात. मोकळे झालेले केस जमिनीवर न पडता कुरळ्या केसांत अडकले होते आणि पावसाच्या ओलाव्याने त्यांचा नमद्यासारखा घट्ट थर जमला होता. कंगवा चालण्याचा प्रश्नच नव्हता. यंत्राने तो थर उतरवायला आम्हाला सव्वा तास लागला, आणि खालची कातडी लालभडक, ओलसर निघाली. पुढच्या पायाच्या काखेत गवताचे एक कुसळ रुतून बसले होते. कुत्र्याने इतका वेळ हूं की चूं केले नाही. मुलाच्या शिंका मात्र थांबलेल्या नव्हत्या, कारण कुत्र्याची ॲलर्जी प्रामुख्याने केसांमुळे होतच नाही. ती त्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते, आणि लाळ व कोंडा नसलेला कुत्रा अजून जन्माला यायचा आहे.

या लॅब्राडूडलची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ पैदाशीचे काम पाहत होते. हवाई बेटांवरच्या एका दृष्टिहीन बाईंना असा कुत्रा हवा होता, पण त्यांच्या पतीला कुत्र्याची ॲलर्जी होती. पूडलचे कुरळे केस फारसे गळत नाहीत, म्हणून कॉनरन यांनी आधी बरेच पूडल शिकवून पाहिले. त्यांतला एकही या कामाला उतरला नाही. तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. त्या वेतात तीन पिल्ले झाली. तिघांचे केस आणि लाळ तपासणीसाठी हवाईला पाठवली, आणि पतीला त्यांपैकी एकाच पिल्लाचा त्रास झाला नाही. म्हणजे ज्या संकराच्या नावावर आज सरसकट ‘ॲलर्जी होत नाही’ असा शिक्का मारला जातो, त्याच्या पहिल्याच वेतात तिघांतले दोघे नापास झाले होते. पुढच्या एका वेतातल्या दहा पिल्लांपैकी तीनच या कसोटीला उतरल्याचे कॉनरन यांनी स्वतः सांगितले आहे. उरलेली पिल्ले घ्यायला कोणी तयार होईना, कारण ती ‘मिश्र’ होती. मग कॉनरन यांनी त्यांना लॅब्राडूडल हे नवे नाव दिले, आणि तीच पिल्ले मागण्यासाठी दूरध्वनी खणखणू लागले. कुत्रा तोच होता, फक्त नाव बदलले होते. आपल्या या उद्योगाचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे त्यांनी उतारवयात जाहीरपणे सांगितले.

संकर म्हणजे काय, हे खरे तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला शहरातल्या श्वानप्रेमीपेक्षा अधिक चांगले कळते. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण आले आणि ‘हायब्रीड’ हा शब्द खेडोपाडी पोचला. त्या बियाण्याचे पीक जोमदार येते. परंतु त्याच पिकातले दाणे पुढच्या वर्षी पेरले तर एक ताट उंच, एक बुटके, एक कणीस भरलेले, एक पोकळ असे विस्कळीत शेत उभे राहते. म्हणूनच संकरित बियाणे दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते. दोन लॅब्राडूडलांची पिल्ले ही अशा दुसऱ्या पेरणीसारखी असतात. एकाच वेतात एक कुरळे, एक सरळ केसांचे, एक लॅब्राडॉरसारखे घरभर केस गाळणारे. आणि पहिल्या पेरणीतही बी निरोगी हवे. खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष लॅब्राडॉरमध्येही आहे आणि पूडलमध्येही आहे, तेव्हा दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे न पाहता केलेला संकर तो दोष कसा घालवणार? ब्रिटनमध्ये २०२४ साली कॉकापू, कॅवापू (कॅव्हेलियर स्पॅनिएल आणि पूडल यांचा संकर) आणि लॅब्राडूडल यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना करणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक सगळ्या विकारांच्या बाबतीत संकरित आणि मूळ जाती यांत लक्षणीय फरक आढळला नाही. आमच्या दवाखान्याचा अनुभवही याहून वेगळा नाही.

याचा अर्थ जातिवंत कुत्र्यांचे सारे आलबेल आहे असा कोणी घेऊ नये. ज्यांना आपण पुरातन समजतो, त्यांतल्या पुष्कळ जाती आजच्या रूपात दीडएकशे वर्षांच्या आहेत. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, जातींच्या वह्या घातल्या गेल्या, आणि ज्याच्या आईबापांची नोंद वहीत आहे तोच शुद्ध, असा नियम रुळला. वही एकदा बंद झाली की सोयरीक आतल्या आत होऊ लागते, आणि त्याचे काय परिणाम होतात हे श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. डाल्मेशियन या ठिपक्यांच्या देखण्या कुत्र्याचे उदाहरण घ्या. या जातीत मूत्रामध्ये युरिक आम्ल वाढवणारा दोष इतका पसरला की तो नसलेला शुद्ध डाल्मेशियन जगात उरला नाही. मुतखड्याने लघवी अडून कुत्रे तळमळू लागले. अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञाने १९७३ साली एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर केला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवणी करत निरोगी, ठिपकेदार कुत्रे तयार केले. उपाय हाती होता. तरीही अमेरिकेतल्या केनेल क्लबाच्या वहीत या कुत्र्यांना कायमचे स्थान मिळायला २०११ साल उजाडले, कारण कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांच्यात एक परका थेंब मिसळला होता! ही कथा मला जितकी कुत्र्यांविषयी सांगते, तितकीच माणसांविषयीही सांगते.

आपल्याकडे एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे धावणारा पग दिसला आणि घरोघरी पग आले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, नाकातोंडाच्या ओल्या अस्तरावरून हवा नेऊन अंग थंड करतो. पगचे नाकच आपण पिढ्यान्‌पिढ्या चेपून टाकले, तेव्हा त्याने मे महिन्यात दुपारी तीन वाजता काय करावे? असा कुत्रा निळी पडलेली जीभ बाहेर काढून टेबलावर येतो, तेव्हा त्याची मालकीण ‘तो नेहमी असाच गोड घोरतो,’ असे सांगत असते. ते घोरणे गोड नसते, तो श्वासासाठी चाललेला झगडा असतो. लॅब्राडॉरची गोष्ट जरा हलकी आहे. सुमारे पाव लॅब्राडॉरमध्ये भूक भागल्याची जाणीव मंद करणारा जनुकीय बदल असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले. त्यात आपल्या घरात आजी एक पोळी देते, नातू बिस्किट देतो आणि आजोबा कोणाला न सांगता पेढा देतात. चाळीस किलोंच्या पलीकडे गेलेला लॅब्राडॉर वजनकाट्यावर उभा राहिला की तिन्ही माणसे एकमेकांकडे पाहतात.

जातिवंत कुत्र्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. पिल्लू मोठे होऊन केवढे होईल, केस किती गळतील, त्याला किती धावायला लागेल, याचा अंदाज आधी येतो. आपल्या दख्खनच्या कारवानी कुत्र्याचेच पाहा. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीकडे लक्ष दिले, म्हणून कर्नाटकात ती मुधोळ हाउंड या नावाने प्रसिद्ध झाली. लांब पाय, खोल छाती, आत गेलेले पोट, सशामागे सुटला तर दिसेनासा होणारा हा कुत्रा आपल्या उन्हाला सरावलेला आहे आणि त्याची निगाही फारशी राखावी लागत नाही. तरीसुद्धा ‘देशी जात’ म्हणून अभिमानाने तो चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून ठेवायचा आणि दिवसातून दोनदा साखळीला धरून कोपऱ्यापर्यंत न्यायचे, हा त्याच्यावर अन्यायच आहे.

आता गावठी. माझा ओढा तिकडे आहे हे आपल्या लक्षात आले असेल, म्हणून त्यांच्याविषयी मी जरा हात राखूनच बोलतो. ‘गावठी कुत्रे आजारी पडत नाहीत,’ हा समज खरा नाही. जी पिल्ले पार्व्हो या विषाणूच्या आजाराने, गॅस्ट्रोने, गाडीखाली किंवा पहिल्याच पावसात गेली, ती आपल्याला दिसत नाहीत. त्यांतून तगलेली तेवढी दिसतात आणि ती काटक असतात. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१३ साली चोवीस आनुवंशिक विकारांची तपासणी केली, तेव्हा दहा विकार जातिवंत कुत्र्यांत अधिक आढळले, तेरांमध्ये फरक दिसला नाही, आणि गुडघ्याचा स्नायुबंध तुटण्याचे प्रमाण तर मिश्र कुत्र्यांत जास्त निघाले. गोचीड तापही जात पाहून येत नाही. लस, जंताचे औषध, नसबंदी हे सारे गावठीलाही तितकेच लागते. शिवाय तो राखणदारीला तिखट असतो, अनोळखी माणसावर भुंकतो, आणि लहानपणी त्याला जिना, दुचाकी, पाहुणे, फटाके यांची हळूहळू ओळख करून दिली नाही तर पुढे जड जाते. मात्र त्याच्या नाकाडाला, पाठीला, खुब्याला कोणी आपल्या हौसेसाठी हात लावलेला नाही, आणि आपला वैशाख त्याला परका नाही. याहून मोठी शिफारस माझ्याजवळ नाही.

स्वभावाचे काय, असे कोणी विचारील. २०२२ साली हजारो कुत्र्यांचा अभ्यास करून अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी असे दाखवले की एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी साधारण नऊ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो. तेव्हा लॅब्राडॉर म्हणजे प्रेमळ आणि गावठी म्हणजे चावरा, हे गणित आपण आता सोडून द्यावे.

तरीही ज्यांना पिल्लू विकतच घ्यायचे आहे, त्यांनी ते गाडीच्या डिकीतून किंवा रस्त्याच्या कडेला टोपलीतून घेऊ नये. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीचे केंद्र सरकारचे २०१७ सालचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. त्याच्या घरी जावे आणि आई दाखवा म्हणावे. आई हाडे वर आलेली, घाबरून कोपऱ्यात दबलेली असेल, किंवा ‘ती गावाला आहे’ असे उत्तर मिळाले, तर पिल्लाचे कागद कितीही चकचकीत असले तरी तिथून परत फिरावे.

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या होत्या. न्यू जर्सीला मुलीकडे त्यांनी गोल्डनडूडल, म्हणजे गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांचा संकर, पाहिला होता आणि त्यांना तसाच हवा होता. मी त्यांना दवाखान्याच्या मागच्या बाजूला नेले. तिथे भाजीच्या हातगाडीखाली पोत्यावर एक तांबूस कुत्री व्यालेली आहे, पाच पिल्ले आहेत. गाडीवाला तिला रोज सकाळी दुधात कुस्करलेली भाकरी देतो. ‘ही केवढी होईल हो?’ असे बाईंनी एका पिल्लाकडे बोट दाखवून विचारले. मी आईकडे हात केला. ती समोरच पाय पसरून पडली होती. वडील कोण ते मात्र मला सांगता यायचे नाही, असेही मी सांगितले. बाईंनी सरांकडे पाहिले. सर गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले होते, आणि कान वाकडा असलेले ते पिल्लू त्यांच्या चपलेचा अंगठा चावत होते. त्या दिवशी ते पिल्लू पाच आठवड्यांचे होते. ‘अजून तीन आठवडे आईजवळ राहू द्या,’ असे म्हटल्यावर सरांनी खिशातली छोटी वही काढली आणि तारीख लिहून घेतली.