गुंडाळी सैल सोडताना

कार्यक्रमाच्या पत्रिकेत विषय ‘क्विलिंग आणि मनाची शांतता’ असा छापलाय; क्विलिंग म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून आकार घडवण्याची आपली कला. तिकडे येणारच आहे, पण वाटेत गम आडवा येतो, आणि त्याचं बोलून घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी पट्टी गुंडाळलेली आहे, तेव्हा टूल म्हणजे पट्टी गुंडाळायची काडी, कॉइल म्हणजे गुंडाळलेली पट्टी, याहून जास्त सांगत बसत नाही.

काम बिघडतं ते बहुतेक वेळा जास्त गममुळे. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, तोही फक्त पट्टीच्या टोकाला, एवढा पुरतो. बाटली थेट दाबली की कागद जादा गम पितो आणि कडेचे दोन-तीन वेढे एकमेकांना चिकटतात. मग पाकळीसाठी चिमटीत धरलं की तो भाग वळतच नाही. जोर लावला की चपटा होतो. वाळल्यावर चकाकणारा डाग राहतो, गडद रंगावर तर लांबूनही दिसतो. म्हणून प्लास्टिकच्या झाकणात थोडासाच गम काढा आणि टूथपिकने घ्या. झाकणातला गम लवकर साय धरतो, जास्त काढून ठेवू नका. पट्टीचं टोक कापण्याऐवजी फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू खालच्या वेढ्यावर बसतात आणि जोड दिसेनासा होतो. होय, मुद्दाम फाडायची, तिसऱ्या रांगेत चेहरे पडलेले दिसताहेत!

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात चहाचे लाकडी डबे अशाच पट्ट्यांनी मढवत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते बघायला मिळतात. पट्टी तिथेही कडेवर उभी आहे, म्हणजे तिला धरून ठेवायला फक्त कागदाच्या जाडीएवढी जागा. तेवढ्यावर हे काम शतकं टिकलंय. गम ओतून मजबुती येते हा समज तेवढा सोडा.

आता श्रावणाचं बघा. राख्या करायच्या नेमक्या त्याच दिवसांत हवा दमट असते. कागद ओलावा धरतो, गुंडाळी मोकळेपणी उघडत नाही आणि गमही वाळत नाही. पट्ट्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. घरी कापत असाल तर कागद आधी उभा, मग आडवा हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला आडवी पट्टी कापा. उलट कापलेली पट्टी गोल वळताना कुरकुरते, तिला बारीक कोन पडतात.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली. ठीक, शांतता.

५ मिमी रुंदीची पट्टी गुंडाळून टूलवरून काढली आणि मापाचे गोल खळगे असलेल्या बोर्डच्या २० मिमीच्या गोलात सोडली, की ती आपणहून उघडते. तेव्हा हात लावायचा नाही. वेढे थांबले की मग उचला, टोक चिकटवा, केंद्र एका बाजूला सरकवा आणि दुसऱ्या बाजूला चिमटी घ्या: पाकळी तयार. घाईने दाबून धरलेली गुंडाळी मधे गच्च आणि कडेला पोकळ राहते. बोटांत ताण असेल तर तो कागदात लगेच दिसतो, बोटं सैल झाली की वेढे सारखे पडतात. माझं म्हणणं एवढंच आहे की मन शांत होतं ते या थांबण्यात, सुंदर फूल हातात येण्याच्या आधीच. शिवाय चुकलं तर एक पट्टी जाते, आणि कुठल्याही पाकळीनंतर उठता येतं.

सुरुवात एकाच रंगाच्या, एकाच लांबीच्या सहा पाकळ्यांनी करा. पट्टी अडकवायला टोकाशी खाच असलेल्या टूलने केंद्रात बारीक घडी राहते. ती खुपली तर सुईच्या टूलवर या. झुमक्यांचं राहिलंच: घट्ट कॉइल अंगठ्याने फुगवून घुमट केलात की आतून गमचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर दाब पडताच तो स्प्रिंगसारखा निसटून उलगडतो.