शपथपत्र समोर असताना दोन्ही बाजू कशाच्या?

रसिक श्रोतेहो, राजकीय बातमीत दोन्ही पक्षांना सारख्या ओळी दिल्या की आपण निःपक्षपाती ठरलो, अशी माझी उपसंपादक म्हणून अनेक वर्षे प्रामाणिक समजूत होती. मराठी घरातून आलेल्या राहुल बारपुते यांनी ज्या इंदूरमध्ये ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादकपद भूषविले, त्या शहरात आपली एक चूक उघडपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

निवडणुकीचे दिवस होते. एका उमेदवाराने प्रतिस्पर्ध्यावर फौजदारी खटले असल्याचे म्हटले, तर प्रतिस्पर्ध्याने ‘माझ्यावर एकही खटला नाही’ असे सांगितले. आवृत्ती सुटायची वेळ झाली होती. मी दोघांची विधाने शेजारीशेजारी लावली आणि वर ‘आरोप-प्रत्यारोप’ असा मथळा दिला. दुसऱ्या दिवशी एका वाचकाने नकार देणाऱ्या उमेदवाराच्याच शपथपत्राची प्रत आणून माझ्या टेबलावर ठेवली. प्रत्येक पानाखाली त्याची सही होती, नोटरीचा शिक्का होता आणि प्रलंबित खटल्यांच्या रकान्यात न्यायालयाचे नाव, प्रकरण क्रमांक व कलमे स्वच्छ लिहिलेली होती. उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेण्याचा मतदाराचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मान्य केला, त्यातून आलेला हा कागद निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. तो न उघडता मी खरे आणि खोटे एकाच मापाने छापले होते.

यालाच मी खोटा समतोल म्हणतो, आणि त्याचा लाभ नेहमी खोटे बोलणाऱ्यालाच होतो, कारण त्याला काही सिद्ध करावे लागत नाही, नुसते नाकारले तरी निम्मी जागा मिळते. हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील चार प्रमुख दैनिकांच्या १९८८ ते २००२ या काळातील हवामानबदलविषयक बातम्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला; वैज्ञानिकांचे एकमत बळावत असतानाही, निम्म्याहून अधिक बातम्यांत मानवी कारणे आणि नैसर्गिक चढउतार यांना जवळपास सारखेच वजन दिलेले आढळले.

मतभेदाला जागा देऊ नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मेट्रो शहराच्या मध्यभागातून जमिनीखालून न्यावी की वरून, यावर दोन काय, पाच मते असतील आणि ती सर्व छापलीच पाहिजेत. पण निविदेतला आकडा किती, हा मताचा प्रश्न नसून निविदा उघडून वाचण्याचा आहे. वाहिन्यांवर चार चौकटींत चौघांना बसवून निवेदक ‘निर्णय प्रेक्षकांवर सोडतो’ तेव्हा मला म्हणूनच राग येतो: कागद मिळवण्याची साधने त्याच्या हाती असतात, प्रेक्षकाच्या नव्हे.

त्या शपथपत्राबद्दलचा खुलासा आम्ही छापला, तो आतल्या पानावर, दोन ओळींत. तोवर मतदान होऊन गेले होते.