३०० ठिपक्यांचा खिळा

(डीटीपी आणि छपाईची कामे करणाऱ्यांसमोर म्हापशात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, माझ्या हातात दोन कागद आहेत. दोन्हींवर मजकूर एकच, एका जत्रेची कार्यक्रमपत्रिका. पहिला कागद लेझर प्रिंटरवरचा, दुसरा इंकजेटवरचा. दुसऱ्यावर पहिल्या ओळीची शिरोरेघ जाड आली आहे, तिच्या खालची बारीक, त्याखालची पुन्हा जाड. 'पालखी' या एका शब्दात तर एक काना ठसठशीत आणि शेजारचा किडकिडीत. शाई भरपूर होती, प्रिंटर नवा होता आणि फाइल तीच होती.

फाइल उघडून पाहिली तेव्हा कळले की तिच्यात अक्षरे नव्हतीच. पानाचे ३०० डीपीआयचे, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके असलेले, काळे-पांढरे चित्र होते. लेझरही ३०० चा, म्हणून तिथे ठिपक्याला ठिपका जुळला. हा इंकजेट ३६० च्या पटीत चालतो. ३०० चे ३६० करायचे म्हणजे पाच रांगांच्या जागी सहा बसवायच्या, आणि सहावी रांग आणायची कुठून? सॉफ्टवेअर दर पाचातली एक रांग दोनदा छापते. आपली शिरोरेघ तीन रांगांची. दोनदा छापलेली रांग तिच्यात पडली तर ती चार रांगांची होते, नाही पडली तर तीनच राहते. शिरोरेघ संपूर्ण ओळीवरून जाते आणि डोळा तिच्याच आधाराने पुढे सरकतो, म्हणून देवनागरीत हा दोष लगेच टोचतो. उभ्या दंडांचेही तेच. रोमी अक्षरेही बिघडतात, पण त्यांच्या डोक्यावर अशी सलग रेघ नसते.

मग ३०० चे ६०० केले तर? तिथे हिशेब सरळ आहे. प्रत्येक ठिपक्याचे चार होतात, जाडी बिघडत नाही. पण अक्षर सुधारतही नाही, आणि या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. एका देवस्थानाच्या स्मरणिकेची काही पाने मी ३०० च्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत बदलून छपाईच्या प्लेटसाठी पाठवली. लेझरचे प्रूफ छान दिसत होते. छापून आली तेव्हा मोठ्या शीर्षकातल्या 'ळ' च्या वळणांवर पायऱ्या मोजता येत होत्या. प्लेट २४०० डीपीआयची. माझा एकेक ठिपका तिने आठ बाय आठचा चौकोन करून कोरला, कोपऱ्यांसकट. लेझरमध्ये टोनर, म्हणजे शाईची पूड, थोडा पसरतो आणि पायऱ्यांचे कोपरे बुजवतो. प्लेट काहीच बुजवत नाही. चांगले यंत्र आपली चूक अधिक स्पष्ट छापते, हे मला त्या दिवशी समजले. समितीच्या लोकांनी वर्षभर खपून मजकूर गोळा केला होता, म्हणून ती पाने आजही मनाला लागतात.

काही जण चित्र मोठे करताना कडा मऊ करतात. पडद्यावर ते सुंदर दिसते, कारण कडेला करडा रंग येतो. पण काळ्या शाईच्या यंत्राजवळ करडा रंग नसतो, तो त्याला विरळ ठिपक्यांनी दाखवावा लागतो. त्यामुळे अक्षराच्या कडेला बारीक भुसा उडाल्यासारखा दिसतो, आणि अनुस्वार जवळच्या मात्रेला चिकटतो. जुन्या छापील फोटोंचीही हीच गत. त्यात आधीच हाफटोनची, म्हणजे छटा दाखवणाऱ्या ठिपक्यांची, जाळी असते; ते पुन्हा छापताना त्यावर दुसरी जाळी बसली की लाटा उमटतात.

आपल्या गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. १६१६ मध्ये रायतूरला ख्रिस्तपुराण छापले, ते मराठी असूनही रोमी अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, नव्हते. खिळ्यांच्या काळी छोटा खिळा ताणून मोठा करण्याचा विचार कुणी केला नसता. मोठे अक्षर हवे तर वेगळा खिळा ओतायचा. ३०० डीपीआयचे चित्रही असाच ओतलेला खिळा आहे. म्हणून माझा आग्रह असा: फॉन्ट जोडलेली पीडीएफ द्या, नाहीतर अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे रेषांच्या आकारांत बदलून, द्या. तशा फाइलमध्ये अक्षराची बाह्यरेषा असते आणि ठिपके शेवटचे यंत्र स्वतःच्या मापाने घालते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले पान मी आता परत करतो.

आता बारकोडकडे वळतो, कारण काजूची पाकिटे करणारे पुष्कळ जण इथे आहेत. एक ताई तक्रार घेऊन आल्या होत्या की दुकानातला स्कॅनर त्यांचे पाकीट वाचतच नाही. बारकोड ३०० डीपीआयवर तयार केला होता, सर्वांत बारीक पट्टी चार ठिपक्यांची. त्यांचा लेबल प्रिंटर २०३ चा, म्हणजे एका मिलिमीटरला आठ ठिपके. त्या हिशेबाने चाराचे २.७ होतात. अर्धवट ठिपका छापता येत नाही, म्हणून काही पट्ट्या दोनच्या झाल्या, काही तीनच्या. स्कॅनर पट्ट्यांची रुंदीच तर वाचतो.

दोन ठिपके घेतले तर पट्टी ०.२५ मिलिमीटर होते. १३ अंकी बारकोडला किमान ०.२६४ लागते, म्हणून दोन चालत नाहीत. आम्ही मूळ आकडा घेऊन नवा बारकोड थेट २०३ वर केला, प्रत्येक पट्टी नेमकी तीनच्या पटीत, आणि 'पानात बसवा' हा पर्याय बंद केला. दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून रुंदी ४२ मिलिमीटरच्या थोडी वर गेली. लेबल ५० चे होते, आरामात बसले. त्याच संध्याकाळी ताईंचा फोन आला, पहिल्याच फटक्यात स्कॅनर वाजला होता.