गालावरची पट्टी

(दृश्य: बाळाचा गाल, अगदी जवळून. ओठांच्या कोपऱ्यातून निघालेली बारीक नळी आणि तिच्यावर पांढरी पट्टी.)

ही पट्टी आज काढायची आहे.

मोठ्या माणसाच्या बोटाच्या पेराएवढी. तोंडातून पोटात गेलेली दुधाची नळी तिनं गालाशी धरून ठेवली आहे. बाळ गरोदरपणाच्या 28व्या आठवड्यातच जन्मलं, वजन किलोच्या आतबाहेर. नळी बदलायची वेळ झाली आहे. सिस्टरांनी हात धुतले, निर्जंतुक पाण्यात कापसाचे बोळे भिजवून ट्रेमध्ये ठेवले आणि आईला हाक मारली, "ताई, या. तुम्ही शेजारी असलात तर बरं."

आपल्याला पट्टी काढायची एकच रीत ठाऊक असते. दात आवळायचे आणि एका झटक्यात ओढायची. आपली कातडी तो झटका सोसते. या बाळाची सोसत नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगावर सगळ्यात वर निर्जीव पेशींचे 10 ते 20 थर असतात. तेच त्याचं चिलखत. 30व्या आठवड्याच्या सुमारास हे थर असतात 2 किंवा 3. 24व्या आठवड्यात जवळजवळ नाहीतच. आणि गोष्ट इथंच थांबत नाही. कातडीचे वरचा आणि खालचा असे दोन पदर गोधडीसारखे एकमेकांना टाचलेले असतात. दिवस भरलेल्या बाळात हे टाके दाट पडतात. कमी दिवसांच्या बाळात ते विरळ, लांब लांब. मग पट्टीची वरच्या पदरावरची पकड घट्ट, आणि त्या पदराची खालच्यावरची सैल. पट्टी ओढली की पदरच उसवून तिच्याबरोबर येतो.

खाली उरतो लालभडक, ओलसर चट्टा. त्यातून अंगातलं पाणी उडतं आणि पाण्याबरोबर ऊब जाते. एक किलोच्या जिवाला दोन्ही परवडत नाहीत. एरवी कातडीवर निमूट राहणारे जंतूही तिथून रक्तात शिरू शकतात.

माझ्या बहिणीची मुलगी 31व्या आठवड्यातली. तिच्या मनगटावर सलाइनच्या पट्टीचा नखाएवढा चौकोन आहे, आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिका. ती आता शाळेत जाते. आंघोळ घालताना बहिणीचा अंगठा अजून त्या चौकोनावरून फिरतो. ज्यांनी ती पट्टी काढली, त्यांनीच तिला जगवलं, हे आम्ही कधी विसरलो नाही. पण तो चौकोन टळला असता, हे आज या सिस्टरांचे हात बघताना कळतं.

(दृश्य: कात्रीनं पट्टी कापणारे हात. कोपरे गोल केले जात आहेत.)

मग कमी चिकट पट्टी का लावत नाहीत? प्रश्न रास्त आहे. सिलिकॉनची पट्टी कातडीला हळुवार असते आणि सहज सुटते. पण श्वासाच्या नळीसाठी तेच हळुवारपण धोक्याचं. ती नळी निसटली तर बाळाचा श्वासच अडतो. जी पट्टी दुखवत नाही ती धरत नाही, आणि जी धरते ती दुखवते. एनआयसीयूमधली, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली सिस्टर रोज या पेचातून वाट काढते.

एक वाट या गालावरच दिसते. पांढऱ्या पट्टीखाली मऊ, पिवळसर तुकडा आहे, हायड्रोकोलॉइड नावाच्या, कातडीला चिकटून तिला झाकणाऱ्या पदार्थाचा. नळीची पट्टी त्याच्यावर बसते, कातडीवर नाही. पट्टी कितीदाही बदला, गाल झाकलेलाच. मात्र हा तुकडाही रोज काढून चालत नाही. 1997 साली अमेरिकेत कॅरोलिन लंड या परिचारिकेनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 30 अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हे तपासलं. प्लास्टिकची पट्टी, याच जातीचा पेक्टिनचा तुकडा आणि पाणीदार जेल असे तीन प्रकार लावले, 24 तासांनी काढले. पेक्टिनच्या तुकड्यानं जवळपास पट्टीइतकीच इजा केली. जेलनं कमी. मऊ दिसतं म्हणून सौम्य असतंच असं नाही, हे त्यातून उघड झालं. म्हणून इथं तो तुकडा दिवसेंदिवस तसाच ठेवतात. आज पाचवा दिवस, कडा आपणहून उचलल्या आहेत.

(दृश्य: आई बाळाच्या ओठांवर दुधाचे थेंब सोडते. दोन मिनिटं काहीच घडत नाही.)

हे दूध पोटासाठी नाही, दुखणं कमी करण्यासाठी. त्याचा असर व्हायला वेळ द्यावा लागतो.

मग ओला बोळा कडेवर टेकतो. पाणी गोंदात मुरू द्यायचं. डाव्या हाताचं बोट सुटत्या कडेलगतची कातडी खाली दाबून धरतं. उजवा हात तुकडा वर उचलत नाही, त्याच्याच अंगावर दुमडत, गालाला समांतर मागे नेतो. लव ज्या बाजूला वळली आहे त्याच बाजूला. एक-दोन मिलिमीटर, पुन्हा बोळा, पुन्हा एक-दोन मिलिमीटर.

आई हळूच विचारते, "सिस्टर, खोबरेल लावलं तर पटकन निघेल ना?"

"निघेल, ताई. पण मग त्या जागी नवी पट्टी धरणार नाही. हा गाल आपल्याला पुन्हा लागणार आहे."

आणि स्पिरिट? त्यानं गोंद चटकन विरघळतो. पण इतक्या कोवळ्या कातडीला ते भाजतं, शिवाय आत शोषलं जाऊन रक्तात उतरतं. इथल्या ट्रेमध्ये त्याला जागाच नाही.

मध्येच बाळाच्या भुवया आक्रसतात, डोळे घट्ट मिटतात, नाकाशेजारी घडी पडते. रडायची ताकद नसलेलं बाळ दुखलं हे असंच सांगतं. सिस्टर थांबतात. आई एक तळवा डोक्याला आणि दुसरा पावलांना लावून त्याला मुटकुळं करून धरते. घडी मावळते. सिस्टर पुन्हा बोळा उचलतात.

2020 साली जगात सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं वेळेआधी जन्मली, त्यातली जवळपास 30 लाख भारतात. प्रत्येकाच्या अंगावर अशा किती पट्ट्या लागल्या आणि निघाल्या असतील! रात्रपाळीला एका सिस्टरकडे पाच-सहा बाळं असली, की एका पट्टीसाठी हा वेळ आणायचा कुठून? हातांची ही संख्या वाढायला हवी. कितीही चांगली पट्टी आणली तरी ती काढायला शेवटी असा रिकामा हात लागतोच.

(दृश्य: तुकडा सुटतो.)

सिस्टर तो उलटा करून दिव्याखाली धरतात. चिकट बाजूला लवीचे दोन केस, बाकी काही नाही. गाल किंचित गुलाबी. तक्त्यात नोंद होते: कातडी अखंड.

नवी नळी दुसऱ्या गालावर बसते. मग आई गाऊन सैल करते आणि सिस्टर बाळाला तिच्या छातीवर ठेवतात, मान एका कुशीला वळवून. मोकळा झालेला गाल आईच्या कातडीला टेकतो.