महिन्याला तीस डॉलर

श्रोतेहो, नमस्कार.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि पुढच्या साडेतीन वर्षांत अमेरिकेत कामाला येऊ शकणाऱ्या दर चार माणसांपैकी साधारण एक जण बेकार झाला. ज्यांनी आयुष्यात एकदाही पगार हातात घेतला नव्हता, अशा तरुणांची अवस्था त्यात अधिकच बिकट होती. कारण कसबी कारागीरच घरी बसलेले असताना अठरा-एकोणीस वर्षांच्या नवख्या पोराला कामावर कोण ठेवणार? घरातले खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून हजारो मुले मालगाड्यांतून चोरून प्रवास करीत गावोगाव भटकत होती.

४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यातून बेकार तरुणांना जंगलांतल्या छावण्यांत ठेवून कामाला लावणारी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ ही योजना उभी राहिली. लोक तिला नुसते ‘सीसीसी’ म्हणत. १७ एप्रिलला व्हर्जिनियातील लुरे गावाजवळच्या राष्ट्रीय वनात पहिली छावणी पडली आणि जुलैपर्यंत अडीच लाखांहून अधिक तरुण अशा छावण्यांत दाखल झाले होते. सरकारी कामाला हा वेग कोठून आला, याचे उत्तर कामाच्या वाटणीत आहे. मुले निवडण्याचे काम मजूर खात्याकडे होते. त्यांना कपडे, जेवण आणि निवारा देण्याची जबाबदारी लष्कराची, आणि जंगलात नेमके काय करायचे ते शेती खात्याचे आणि सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ‘इंटिरियर’ खात्याचे वनाधिकारी ठरवीत. लष्कराच्या देखरेखीखाली रोजचा एक डॉलर देऊन माणसे राबवली, तर साऱ्या देशाची मजुरी खाली येईल, असा आक्षेप कामगार संघटनांचे नेते विल्यम ग्रीन यांनी घेतला होता. तो शमावा म्हणून की काय, रूझवेल्ट यांनी योजनेचे संचालक म्हणून रॉबर्ट फेक्नर या कामगार नेत्यालाच नेमले.

तो रोजचा डॉलर म्हणजे महिन्याचे तीस डॉलर. त्यातले पंचवीसच्या आसपास परस्पर मुलाच्या घरी पाठवले जात आणि त्याच्या हाती पाचेक डॉलर पडत. माझ्या मते या योजनेचा खरा प्राण इथे होता. झाडे लावण्यासाठी माणसे हवी होती हे खरे, पण जंगलात राबणाऱ्या मुलाच्या नावाने शहरातल्या एखाद्या घरी दरमहा पैसे येत, घरभाडे चुकते होत असे आणि दुकानदाराची उधारी फिटत असे. त्यामुळे मुलगा घरावरचा भार न राहता घराचा कमावता होई.

एका छावणीत सुमारे दोनशे जण असत. सुरुवातीला लष्करी तंबू आणि पहिल्या महायुद्धातले शिल्लक कपडे, पुढे लाकडी बराकी. पहाटे बिगुल, न्याहारी, मग ट्रकमधून कामावर. रोपे लावताना एक जण टिकावाने जमिनीत खाच पाडी, दुसरा तीत रोप सोडून टाचेने माती दाबून घेई, आणि ही जोडी ओळीने पुढे सरके. अशा रीतीने नऊ वर्षांत सुमारे तीन अब्ज झाडे लावली गेली. विस्कॉन्सिनमधील कून व्हॅलीत, पावसाने घळी पडलेल्या शेतांवर, याच मुलांनी माती अडवण्याची कामे केली; कोलोरॅडोतील रेड रॉक्सचे खुले नाट्यगृहही त्यांच्याच हातचे. पोटभर जेवणामुळे पहिल्या काही महिन्यांतच अनेकांचे वजन वाढले, आणि संध्याकाळच्या वर्गांत हजारो जण लिहा-वाचायला शिकले. काम धोक्याचेही होते. ऑगस्ट १९३७ मध्ये वायोमिंगमधील ब्लॅकवॉटर वणव्यात पंधरा जण मरण पावले, त्यांत बहुतेक सीसीसीची मुले होती.

शेजारच्या कॅनडानेही १९३२ मध्ये संरक्षण खात्याच्या हाताखाली अशाच छावण्या उघडल्या होत्या. तिथे अविवाहित बेकारांना जेवण, अंथरूण आणि दिवसाला वीस सेंट मिळत. वीस सेंटांत घरी काय पाठवणार? बेकार तरुणांना शहरांपासून दूर ठेवणे हाच त्या छावण्यांचा हेतू आहे, हे आतल्यांना लवकरच कळून चुकले. एप्रिल १९३५ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील छावण्यांमधले तरुण संपावर गेले आणि जूनमध्ये मालगाड्यांवर चढून राजधानी ओटावाकडे निघाले. सरकारने त्यांना रेजायना शहरात अडवले. १ जुलैला तिथे पोलिसांशी दंगल पेटली. त्याच वर्षी पंतप्रधान बेनेट निवडणूक हरले आणि पुढच्या वर्षी त्या छावण्या बंद झाल्या.

म्हणून सीसीसी निर्दोष होती असे नाही. अमेरिकेच्या संसदेतले, म्हणजे काँग्रेसमधले, तेव्हाचे एकमेव कृष्णवर्णीय सदस्य ऑस्कर डी प्रीस्ट यांनी कायद्यात भेदभावाविरुद्ध कलम घालून घेतले होते, तरीही कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या छावण्यांत ठेवण्यात आले. मुलींना योजनेत जागाच नव्हती. त्यांच्यासाठी निघालेली शिबिरे संख्येने थोडी होती. आणि दक्षिणेत माती धरावी म्हणून लावलेली कुडझूची वेल पुढे इतकी माजली की, तिला आवरणे हेच एक काम होऊन बसले.

युद्धाच्या कारखान्यांत नोकऱ्या निघू लागल्या, तसे छावण्यांत येणारे तरुण घटत गेले आणि १९४२ च्या उन्हाळ्यात काँग्रेसने योजनेचा निधी थांबवला. रिकाम्या झालेल्या काही बराकींत सदसद्विवेकाला अनुसरून शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांना ठेवण्यात आले. झाडे लावणे, वणवे विझवणे हीच कामे त्यांच्याही वाट्याला आली. त्यांना मात्र त्याचा पगार मिळत नसे.